दगडफूल नेमकं उगवतं कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वर्षातून दोनदा थव्याने येतात. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचा मसाला करायला घेतात तेव्हा पहिला थवा, आणि पावसाळ्यात भटकी मंडळी ओल्या बुंध्यांचे फोटो पाठवतात तेव्हा दुसरा. पहिल्यांना पुडीतलं दगडफूल आलं कुठून ते हवं असतं, तर दुसऱ्यांना झाडावरचं पुडीत भरता येईल का ते. दोन्हींची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून एकत्रच देतो.

१. दगडफूल म्हणजे काय? फूल, शेवाळ की बुरशी?

फूल तर नाहीच. ते शैवाक आहे. ‘लायकेन’ हा शब्दही आता सर्रास चालतो. बुरशी आणि शैवल (अल्गी) यांनी मिळून थाटलेला संसार म्हणजे शैवाक. घर बुरशीचं: वरचं आवरण, खालचं आवरण आणि मधला कापसासारखा पांढरा थर तिचा. वरच्या आवरणाच्या लगेच खाली शैवलाच्या हिरव्या पेशी राहतात आणि उजेडात दोघांपुरतं अन्न करतात. दगडफुलात हे शैवल बहुधा ट्रेबुक्सिया वंशातलं असतं.

शैवाक म्हणजे एक जीव नसून जोडी आहे, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस मांडलं, तेव्हा भल्याभल्यांनी नाकं मुरडली होती. २०१६ मध्ये तर काही शैवाकांच्या आवरणात यीस्टच्या रूपाने तिसरा भिडूही सापडला.

पुढच्या सगळ्या उत्तरांसाठी एकच गोष्ट लक्षात ठेवा: याला मुळं नाहीत. खालच्या बाजूचे काळे तंतू फक्त धरून बसण्यासाठी असतात. पाणी आणि बरेचसे क्षार ते पाऊस, दव, धुकं आणि धूळ यांतून घेतं. म्हणून ते कुठे उगवतं हे जमिनीपेक्षा हवेवर ठरतं.

२. आयुर्वेदातलं शैलेय म्हणजे दगडफूल की शिलाजीत?

दगडफूल. शिलाजीत हा हिमालयातल्या खडकांच्या फटींतून पाझरणारा डांबरासारखा पदार्थ, त्याचा इथे संबंध नाही. नावातल्या ‘शिला’मुळे घोटाळा होतो. हिंदीत दगडफुलाला छडीला किंवा पत्थर फूल म्हणतात, तमिळमध्ये कल्पासी. आपल्याकडे धोंडफूल हेही नाव आहे.

३. इतक्या भाषांत नावातच दगड आहे, म्हणजे ते दगडावरच उगवत असणार ना?

उगवू शकतं, पण तुमच्या डब्यातलं बहुतेक करून झाडावर उगवलेलं आहे. पटत नसेल तर पुडी फोडून वर्तमानपत्रावर पसरा. करड्या पापुद्र्यांची वरची बाजू राखाडी, खालची काळी दिसेल, कडेला तपकिरी पट्टा. आता तुकडे एकेक करून उलटे करा. दहा-वीस उलटेपर्यंत एखाद्याला तरी सालीची खपली चिकटलेली सापडते. कधी काडीच्या भोवती गुंडाळलेला अख्खा तुकडा मिळतो. दगडावरून खरवडलेलं असतं तर खाली वाळूचे कण आणि खनिजाची कच आली असती. माझ्या आईने चाळीस वर्षं दगडफूल निवडताना या काड्या ‘कचरा’ म्हणून फेकल्या. मला विचाराल तर तो कचराच त्या पुडीचा पत्ता आहे.

४. मग हे झाड कुठलं, आणि ते आहे कुठे?

उत्तर भारतातून येणारा माल मुख्यतः पश्चिम हिमालयातला, म्हणजे कुमाऊँ, गढवाल आणि हिमाचल प्रदेशातला. तिथल्या डोंगरउतारांवर ओकची सदाहरित जंगलं आहेत. त्यातल्या एका ओकला स्थानिक लोक बांज म्हणतात, आणि दगडफुलाचा खरा यजमान तोच. बुरांशावर (ऱ्होडोडेंड्रॉन), देवदारावर, सफरचंदाच्या जुन्या बागांतही ते दिसतं, पण बांजाच्या फांद्या जशा लदलेल्या असतात तशा इतरांच्या क्वचितच. कुमाऊँत या मालाचं नाव ‘झूला’. गावकरी कोरड्या महिन्यांत तो गोळा करतात आणि तो टनकपूर, रामनगर, हल्द्वानी अशा पायथ्याच्या मंड्यांत उतरतो. तिथून मसालेवाल्यांकडे, तसाच कनौजच्या अत्तरवाल्यांकडे जातो. हिना अत्तरात छडीला लागतो.

दुसरा पट्टा दक्षिणेत आहे: निलगिरी, पळणी आणि त्यांच्या आसपासचे उंच डोंगर. चेट्टीनाड स्वयंपाकात कल्पासी हातखंडा आहे, ते उगाच नाही.

५. बांजावरच इतकं का? शेजारीच चीडची (तिथल्या पाइनची) झाडं असतात, त्यांच्यावर का नाही?

चीडची साल पापुद्र्यांनी गळत राहते, आणि शैवाक वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. बस्तान बसेपर्यंत खालची जमीनच निसटून गेली तर काय करणार? शिवाय चीडची साल राळेची आणि जास्त आम्लधर्मी.

बांजाची साल खडबडीत असते, ओल धरते आणि वर्षानुवर्षं जागची हलत नाही. त्याचा पर्णसंभार सदाहरित असल्यामुळे जंगलातली हवा दमट राहते, तरी फांद्यांच्या टोकाशी ऊन पोचतं. दगडफुलाला गच्च सावली मानवत नाही, म्हणून दाट जंगलाच्या पोटात बुंध्यावर शोधलंत तर निराश व्हाल. जंगलाच्या कडेला, वाटेवरच्या एकट्या झाडावर, वरच्या फांद्यांवर पाहा.

६. पुडीत दोन-तीन तऱ्हेचे तुकडे दिसतात. भेसळ आहे का?

बहुतेक वेळा भेसळ नसते, सरमिसळ असते. पुस्तकात दगडफुलासमोर पार्मोट्रेमा पर्लाटम हे एकच शास्त्रीय नाव छापलेलं असतं. पण झाडावरून गोळा करणारा जाती बघून काढत नाही, फांदी बघून काढतो. म्हणून एकाच पोत्यात पार्मोट्रेमाच्या अनेक जाती येतात: पर्लाटम, रेटिक्युलाटम, निलगिरीवरून नाव पडलेली निलघेरेन्स, टिंक्टोरम. यांचे पापुद्रे रुंद आणि झालरीसारखे. सोबत अरुंद पट्ट्यांसारखे, कडेला काळे केस असलेले, दुभंगत जाणारे तुकडे दिसले तर ते एव्हर्निआस्ट्रम. हिमालयातल्या मालात हे भरपूर असतात. मधूनच दाढीच्या केसांसारखा हिरवट गुंता निघतो, तो अस्निया. मसाल्याच्या दृष्टीने हे सगळं चालून जातं.

भेसळ म्हणाल तर सालीचे मोठे तुकडे, माती आणि हिरवं मॉस. मॉसला सूक्ष्म पानं असतात, शैवाकाला नसतात. भिंग लावलं की लगेच कळतं.

७. किती उंचीवर उगवतं?

पश्चिम हिमालयात साधारण १५०० ते २५०० मीटर हा भरघोस पट्टा. बांजाचं राज्यही थोड्याफार फरकाने तेच. त्याखाली ते विरळ होतं. वर गेल्यावर दुसऱ्या ओकांवर आणि देवदारांवर वेगळी शैवाकं जोर धरतात. दक्षिणेत उटी २२४० मीटरवर आहे, तिथल्या शोला जंगलांतही (डोंगरघळींतल्या सदाहरित रानांतही) हाच मामला.

मात्र उंची हे कारण नाही, ती खूण आहे. पुढचं उत्तर वाचा.

८. भारताबाहेर कुठे सापडतं? तिथेही डोंगरातच?

पार्मोट्रेमा पर्लाटमचा पसारा मोठा आहे: पश्चिम युरोप, आफ्रिका, दोन्ही अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला ते समुद्रसपाटीलगतच्या झाडांवर आरामात वाढतं. कॅलिफोर्नियात समुद्रावरून धुकं आत येतं त्या किनारपट्टीच्या ओकांवरही आहे.

म्हणजे डोंगर ही त्याची अट नाही. हवा गार हवी, ओलसर हवी, स्वच्छ हवी आणि उजेड हवा. इंग्लंडमध्ये हे चारही समुद्रकाठी मिळतं. आपल्या अक्षांशावर समुद्रकाठी ओल मिळते पण गारवा नाही, म्हणून त्याला डोंगर चढावा लागला. आपण त्याला पहाडी म्हणतो ते आपल्या देशातल्या उकाड्यामुळे.

९. महाबळेश्वरला झाडांवर अगदी तसंच दिसतं. तेच आहे का?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न, आणि उत्तर ‘जवळजवळ’. सह्याद्रीच्या माथ्यावर पार्मोट्रेमा नक्की आहे, पण तिथे ठळकपणे दिसते ती बहुधा टिंक्टोरम ही जात: तळहाताएवढ्या राखाडी चकत्या आणि मध्यभागी बारीक रव्यासारखा खरखरीतपणा. तिला उष्मा जास्त सोसतो. जपानमध्ये तिचं नाव ‘जर्दाळूसारख्या उमे झाडावरचं शेवाळ’ अशा अर्थाचं आहे आणि शहरांच्या हवेची परीक्षा घ्यायला तिथे ती वापरतात.

पण हिमालयात पोती भरतात तेवढं दगडफूल सह्याद्रीत का नाही? पहिलं कारण उंची, म्हणजे खरं तर तिच्यासोबत येणारा गारवा. कळसूबाई १६४६ मीटर, महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट १४३८ मीटर. हिमालयातला भरघोस पट्टा जिथे सुरू होतो तिथे आपला डोंगर संपतो. त्यात आपण दक्षिणेला, म्हणजे त्याच उंचीवर आपल्याकडे जास्त गरम. निलगिरी आपल्याही दक्षिणेला आहे, पण दोड्डाबेट्टा २६३७ मीटर उंच असल्याने तिथे ती कसर भरून निघते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: पाऊस किती यापेक्षा कसा पडतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, पण जवळपास सगळा चार महिन्यांत. शैवाक पाण्याने तट्ट फुगलं की त्याच्या आत कार्बन डायऑक्साइड नीट शिरत नाही आणि अन्न करणं मंदावतं. म्हणजे जुलैत पाण्यात बुडालेलं, मार्च-एप्रिलमध्ये कडकडीत वाळलेलं. त्याच्या कामाचे दिवस ते मधले: ऑक्टोबर ते जानेवारीतल्या दवाच्या आणि धुक्याच्या सकाळी. हिमालयात हिवाळ्यातही पाऊस-बर्फ होतो, निलगिरीला दोन्ही मोसमी पाऊस मिळतात. तिथे हे दिवस वर्षभर पसरलेले असतात.

सह्याद्रीच्या शैवाकांवर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत दीर्घ काम झालं आहे. तिथल्या अजरेकर कवकसंग्रहात जुने नमुने जपून ठेवले आहेत.

१०. टिंक्टोरम आणि पर्लाटम यांतला फरक घरी ओळखता येईल का?

येईल, पण जेवणात वापरायच्या मालावर करू नका. एक तुकडा घ्या, वरचं आवरण ब्लेडने हलकेच खरवडून पांढरा थर उघडा करा आणि त्यावर ताज्या घरगुती ब्लीचचा थेंब टाका. टिंक्टोरम असेल तर डाग लगेच लाल होतो आणि थोड्या वेळात फिका पडतो. तिच्यातल्या लेकॅनोरिक आम्लाची ही खूण. पर्लाटम लाल होत नाही. भिंगातून पाहिलं तर पर्लाटमच्या कडेला पिठासारखी भुकटी असते आणि टिंक्टोरमच्या पाठीवर रवा. या भुकटीच्या किंवा रव्याच्या कणात बुरशी-शैवल दोघंही बांधून दिलेले असतात. वाऱ्याने, पावसाच्या थेंबाने कण पुढच्या फांदीवर गेला की नवीन घर.

११. कोकणात आमच्या आंब्यावर आणि पोफळीवर पांढरे डाग आहेत. तेही दगडफूल? झाडाला रोग आहे का?

शैवाक आहे, दगडफूल नाही, रोगही नाही. सालीला रंग फासल्यासारखी चिकटून बसणारी ही कवचासारखी शैवाकं. नखाने निघत नाहीत. काहींवर काळ्या शाईने कुणीतरी मोडीत लिहिल्यासारख्या रेघा असतात, त्यांना ग्राफिस म्हणतात. कोकणच्या उष्ण-दमट हवेत हीच रमतात. ती झाडाचा रस शोषत नाहीत, त्यामुळे चुना लावून मारायची गरज नाही. जुन्या, मंद वाढणाऱ्या झाडावर ती जास्त दिसतात. त्यावरून लोक उलटा निष्कर्ष काढतात की त्यांच्यामुळे झाड मंदावलं.

बुंध्यावरचा नारिंगी मखमली थर मात्र बऱ्याचदा शैवाकही नसतो. ते ट्रेंटेपोलिया नावाचं मोकळं राहणारं शैवल. नाव हिरव्या शैवलांत, रंग गाजराचा.

१२. पुण्या-मुंबईत का दिसत नाही?

गारवा नाही आणि हवा स्वच्छ नाही. शैवाकाला गाळणी नसते. हवेत असेल ते सगळं आत घेतं. सल्फर डायऑक्साइडने त्यातलं शैवल आधी मरतं. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत जी शैवाकं आहेत ती बाकी शहरातून नाहीशी झाली आहेत, हे विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्येच नोंदवलं होतं. उलटही घडतं: ब्रिटनमध्ये कोळशाचा धूर कमी झाल्यावर पार्मोट्रेमा पर्लाटमने गमावलेला मुलूख बराच परत घेतला.

शहरं अगदी ओस नसतात. पिक्झीन कोकोएस नावाचं राखाडी, खोडाला घट्ट चिकटलेलं शैवाक भारतातल्या कित्येक शहरांत रस्त्याकडेच्या आंब्यांवर निवांत असतं. ते दगडफूल समजून खरवडू नका. रस्त्याकडेच्या शैवाकात शिसं आणि इतर जड धातू साठलेले असतात.

१३. गडाच्या कातळावर करडे, काळे, पिवळट ठिपके असतात. ते तरी खरं ‘दगडावरचं’ फूल?

दगडावरचं खरं, मसाल्यातलं नव्हे. तापलेल्या बेसॉल्टवर टिकणारी शैवाकं बहुतांशी कवचासारखी किंवा बारीक खवल्यांची असतात आणि ती दगडासकटच निघतात. पानासारखं पसरणारं पार्मोट्रेमा कातळावर पाहायचं असेल तर सावलीच्या बाजूचा, धुकं अडवणारा कडा शोधावा लागतो. नियमाला अपवाद म्हणून असे कडे आहेत.

१४. लडाखला खूप वर दगडांवर भगवा रंग पाहिला. तो पेंट होता की शैवाक?

शैवाक, झँथोरिया एलेगन्स (आता शास्त्रज्ञ वंशाचं नाव रुसाव्स्किया लावतात). पाच हजार मीटरच्या वरही असतं. त्याचे नमुने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाबाहेर दीड वर्ष उघड्यावर ठेवले होते, तरी त्यांतले काही परत आल्यावर जिवंत निघाले. दगडफुलाला यातलं काही झेपत नाही. दोघंही ‘पहाडी’, पण एकाला कोरडी थंडी चालते, दुसऱ्याला धुकं हवं.

१५. पावसात हिरवं आणि उन्हाळ्यात राखाडी दिसतं. मेलं का?

नाही. वाळलं की वरचं आवरण अपारदर्शक होतं आणि आतलं शैवल झाकलं जातं. ओलं झालं की आवरणातून हिरवा रंग दिसू लागतो. पुडीतल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा, तो मिनिटाभरात हिरवट होईल. तो जिवंत आहे असा त्याचा अर्थ नाही. कधीकाळचं शैवल आत आहे, एवढाच.

१६. कुंडीत किंवा बागेतल्या झाडावर लावता येईल का?

दरवर्षी कुणीतरी दुधात किंवा ताकात कालवून फांदीला फासतं आणि फोटो पाठवतं. त्यावर बुरशी येते, पण नको ती. प्रयोगशाळेत हे जमतं: आपल्या घाटावरून नाव पडलेलं अस्निया घाटेन्सिस आघारकर संस्थेत असं वाढवलं गेलं आहे. मात्र ते निर्जंतुक बाटल्यांतलं, अतिशय सावकाश चालणारं काम आहे. शेती म्हणून दगडफूल कुठेच पिकत नाही. बाजारातला प्रत्येक तुकडा रानातला. वाढीचा वेग प्रश्न ५ मध्ये सांगितला आहे. तळहाताएवढी चकती म्हणजे दहा-पंधरा वर्षं सहज.

१७. ट्रेकला दिसलं तर थोडं काढून आणलं तर चालेल का?

नका आणू. अभयारण्यातून काहीही उचलणं गुन्हा आहे, राखीव वनातलंही वनोपज परवानगीशिवाय काढता येत नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर तर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. आणि चव म्हणून म्हणाल तर टिंक्टोरमची मूठभर पानं भाजून कुणाचा गोडा मसाला उजळल्याचं मी पाहिलेलं नाही.

जाती जिवंत पाहायच्याच असतील तर कुमाऊँत मुनस्यारीला उत्तराखंड वनविभागाने २०२० मध्ये शैवाकांचं उद्यान उघडलं आहे. पाटीसह, वाटेवरून, हात न लावता.

१८. आणि वाऱ्याने पडलेल्या फांदीवरचं?

जमिनीवर पडलेलं शैवाक सावलीत आणि सततच्या ओलीत कुजतं, त्यामुळे पडलेल्या फांद्यांवरचं वेचणं हा हिमालयात गोळा करण्याचा सगळ्यात निरुपद्रवी प्रकार मानतात. संरक्षित जंगलात मात्र वरचा नियम पडलेल्या फांदीलाही लागू आहे. हवं तर फांदी उचलून उजेडाच्या बाजूला, झाडाच्या बेचक्यात अडकवून ठेवा. फोटो पाठवणार असाल तर तीन पाठवा: वरची बाजू, खालची बाजू आणि कडेचा जवळून. नुसत्या वरच्या बाजूवरून मला जात सांगता येत नाही.